‘प्रश्न उद्भवत नाही’ आणि मगदूम वस्तीचा बोगदा

सांगलीतल्या खासदार कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली. तेवढ्या काळात चार खासदार झाले, तीन पक्ष झाले, आणि भिंतीवरचे फोटो इतक्यांदा बदलले की खिळे तेवढे कायमचे राहिले. मीही त्या खिळ्यांतलीच. नवे साहेब निवडून आले की पहिल्या आठवड्यात कार्यकर्ते त्यांच्या कानाला लागायचे, "जुन्यांची बाई आहे, काढा." दुसऱ्या आठवड्यात दिल्लीहून संसदेच्या प्रश्नांची मुदत कळायची आणि साहेब विचारायचे, "हे लिहितं कोण?" तिसऱ्या आठवड्यात मला न मागता चहा यायला लागायचा.

कार्यालयात येणाऱ्या माणसाला संसद म्हणजे नेमकं काय हे ठाऊक नसतं, आणि त्यात त्याची काही चूक नाही. त्याला एवढंच कळतं की तलाठ्यानं ऐकलं नाही, तहसीलदारानं ऐकलं नाही, आता राहिली दिल्ली. एक गृहस्थ बांधावरच्या आंब्याची फांदी घेऊन आले होते. खरोखरची फांदी, पानांसकट. भावकीतल्या कुणी ती तोडली होती. "पार्लमेंटात ईचारा," म्हणाले. मी म्हटलं, "काका, हे भांडण तुमच्या बांधाचं. दिल्लीचा यात काय संबंध?" ते म्हणाले, "मग दिल्ली कुणाची हाय?" मी त्यांना चहा पाजला आणि त्यांच्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. फांदी मात्र त्यांनी नेली नाही, ती आठवडाभर कपाटाला टेकून उभी होती.

संसदेची कामं तशी दोन. एक कायदे करणं. ते टीव्हीवर दिसतं आणि त्यात आरडाओरडा असतो. दुसरं म्हणजे सरकारला विचारत राहणं, की बाबा रे, तू करतो म्हणालास ते केलंस का. हे दुसरं काम फारसं कुणाला दिसत नाही आणि माझं आयुष्य त्यातच गेलं. अधिवेशनात खासदार मंत्र्यांना प्रश्न पाठवतात. काही तारांकित, त्यांना मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं. बाकीचे अतारांकित, त्यांची उत्तरं लेखी येतात. प्रश्न निदान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, शब्द मोजून लिहावा लागतो, आणि देशभरातून इतके प्रश्न जातात की चक्क सोडत काढतात. सोडतीत आमचा प्रश्न निघाला की मी गणपतीला दुर्वा वाहून यायची. साहेबांना वाटायचं त्यांच्या तब्येतीसाठी वाहते. मीही तो गैरसमज कधी काढला नाही.

उत्तरांच्या तऱ्हा सांगायला बसले तर हा सगळा दिवाळी अंक मलाच लागेल. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असं एक उत्तर असतं. ते सोपं वाटतं, पण संसदेत ते आश्वासन धरतात, आणि दिलेली आश्वासनं सरकारनं पाळली का हे बघायला खासदारांची एक वेगळी समितीच असते. ती पाठ सोडत नाही. आमच्या एका प्रश्नाची माहिती गोळा होऊन आली तेव्हा प्रश्न विचारणारे खासदार माजी होऊन द्राक्षबाग करत होते. मी ते उत्तर त्यांना नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "हे मी विचारलं होतं?"

पण सगळ्यात वाईट उत्तर म्हणजे ‘प्रश्न उद्भवत नाही’. त्याचं असं असतं. प्रश्नाला (अ), (ब), (क) असे तुकडे असतात. पहिल्या तुकड्यात तुम्ही विचारलंत की अमुक ठिकाणी अमुक अडचण आहे का, आणि खात्यानं ‘नाही’ म्हटलं, की खालच्या सगळ्या तुकड्यांना या एका ओळीत मूठमाती मिळते. म्हणून जाणता माणूस ‘आहे का’ असं विचारतच नाही. तो विचारतो किती वेळा, कोणत्या तारखेला, कुणी पाहिलं, नोंदवही कुठे आहे. पाणी साचतं का असं विचारायचं नाही, पाणी उपसायचा पंप गेल्या वर्षी किती तास चालला असं विचारायचं. हे मी चार खासदारांना शिकवलं. आणि ज्या एका माणसाच्या बाबतीत ते जिवावर बेतणार होतं, त्याच्या वेळी मीच विसरले.

तो माणूस म्हणजे अप्पा मगदूम. सत्तरीला आलेले जैन शेतकरी, पाच एकर ऊस, डोक्याला पांढरी टोपी, आणि दोन्ही किडन्या निकामी. दर सोमवारी आणि गुरुवारी त्यांना डायलिसिसला मिरजेला जावं लागायचं. मगदूम वस्ती चौपदरी महामार्गाच्या पलीकडे. महामार्ग झाला तेव्हा वस्तीचा जुना रस्ता तुटला आणि त्याच्या बदल्यात महामार्गाखालून एक बोगदा मिळाला. ठेकेदारानं तो आजूबाजूच्या शेतांपेक्षा खोल घेतला. आमच्याकडे उसाला पाणी सोडलं की जमीन पाझरते, आणि पाझर खोल जागा शोधतो. त्यामुळे पावसाळ्यात बोगद्यात कंबरेइतकं आणि एरवी पाण्याची पाळी आली की गुडघ्याच्या वर पाणी. खातं कुठलं ते लिहीत नाही, निवृत्तीनंतर भांडणं नकोत. ठेकेदाराचं नाव तर मला कधी कळलंच नाही.

अप्पा पहिल्यांदा आले तेव्हा मिरजेहून परत निघालेले होते. दंडाला पट्टी, चेहरा उतरलेला, मागे हातात पिशवी घेऊन त्यांच्या पत्नी सुशीलाकाकू. बाकावर टेकले आणि म्हणाले, "ताई, डॉक्टरनं मला दिसाला दोन पेलं पाणी सांगितलंय. आन सरकारनं वाटंत मांडीभर दिलंय. ह्ये उलटं न्हाई का झालं?"

मी विचारलं, "पाणी असलं की मग जाता कसे?"

"खुर्चीत बसवून पोरं वर काढत्यात, हायवेवर. दोन लेन पळायचं, मधी दम खायाचा, परत दोन लेन. पलीकडं वडाप उभं असतंय." शेअर जीपला आमच्याकडे वडाप म्हणतात.

"खरं सांगा की सगळं," काकू म्हणाल्या. "परवा ट्रक इतक्या जवळनं गेला, ह्यांची टोपी उडाली. ती गावलीच न्हाई. आन न्यायला कुणी नसलं की डायलिसिसची पाळी चुकती. पाळी चुकली की रात्रभर धाप. मी उशाला बसून श्वास मोजते."

त्या दिवसापासून दर गुरुवारी परतीच्या वाटेवर अप्पा कार्यालयात थांबायचे. अर्धा कप चहा घ्यायचे, तोही दिवसाच्या हिशेबातून वजा करून. कार्यकर्त्यांची गर्दी असली तर भिंतीला टेकून डोळे मिटायचे. गर्दी पांगली की विचारायचे, "दिल्ली काय म्हणती?" जशी काही दिल्ली ही माझी थोरली नणंद आणि तिचं माझ्याशी बरं आहे. मला गुरुवारची सवय लागली. त्यांच्यासाठी अर्ध्या कपाचा चहा करताना साखर किती घालायची हे मला माझ्या नवऱ्याच्या चहापेक्षा जास्त पाठ झालं होतं.

चूक झाली ती अशी. अधिवेशन जवळ आलं होतं, प्रश्न पाठवायचा शेवटचा दिवस होता, आणि त्याच दिवशी साहेबांचा कुठल्याशा साखर कारखान्याच्या कार्यक्रमातून दर पाच मिनिटांनी फोन. पोर्टल बंद व्हायला थोडाच वेळ राहिला होता. मी अप्पांचा प्रश्न पंधरा मिनिटांत लिहून टाकला. (अ) अमुक ठिकाणी महामार्गाखाली बोगदा बांधला आहे का, (ब) त्यात पाणी साचून रहदारी बंद पडते का, (क) तसे असल्यास कोणते उपाय योजले आहेत. पाठवला आणि हुश्श केलं. नवशिक्याही असा प्रश्न लिहिणार नाही.

सोडतीत निघाला. मी दुर्वाही वाहिल्या. उत्तर आलं: (अ) होय. (ब) नाही, पाणी उपसण्याची व्यवस्था उपलब्ध आहे. (क) प्रश्न उद्भवत नाही.

गुरुवारी अप्पांना वाचून दाखवावं लागलं. म्हणाले, "उद्भवत न्हाई म्हंजे?"

"म्हणजे पाणीच नाही, तर उपाय कशाला करायचे."

अप्पांनी पट्टीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मग आज सकाळी पोरांनी मला उचलून हायवेवरनं का न्येलं?"

एवढ्यावर थांबलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण खात्याच्या इथल्या साहेबांनी त्या उत्तराची प्रत प्लॅस्टिकमध्ये घालून घेतली. ग्रामसभेत कुणी उठला की ती दाखवायची, जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीत विषय निघाला की ती दाखवायची. संसदेत दिलेलं उत्तर आहे म्हटल्यावर कोण बोलणार? तोवर त्यांना खोटं बोलायला निदान थोडी लाज वाटत होती. मी त्यांना वर संसदेचा शिक्का मिळवून दिला. संसदेत प्रश्न विचारून काही मिळत नाही असं लोक म्हणतात ते मला कधीच पटलं नाही, पण चुकीचा प्रश्न विचारला तर काय मिळतं ते त्या वर्षी मला कळलं.

पावसाळ्यात अप्पांच्या लागोपाठ दोन पाळ्या चुकल्या. छातीत पाणी झालं, मिरजेच्या दवाखान्यात आठ दिवस काढले. मी भेटायला गेले. नाकात नळी, हात उशीवर. मी तिथं उभी राहून सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "अप्पा, प्रश्न मी चुकीचा लिहिला. मला माहीत होतं कसा लिहायचा, तरी घाईत लिहिला. माझ्यामुळे झालं हे." मला रडू आलं. अप्पांनी नळी सावरली आणि म्हणाले, "ताई, तुमी कागद चुकला. बोगदा काय तुमी न्हाई खणला." काकूंनी मला केळं दिलं. मी ते खाल्लं, कारण दुसरं काय करावं ते सुचेना.

तोच प्रश्न लगेच पुन्हा विचारला की आधीच्या उत्तराकडे बोट दाखवतात. म्हणून मी दुसरी वाट धरली, ती म्हणजे याचिका. हे बहुतेकांना माहीतच नसतं. देशाचा कुठलाही नागरिक संसदेकडे याचिका करू शकतो. इंग्रजीत किंवा हिंदीत, ठरलेल्या नमुन्यात, सहीनिशी. खासदार ती सभागृहात मांडतो, ती खासदारांच्या एका समितीकडे जाते आणि समिती खात्याला बोलावून झाडाझडती घेते. मनात आलं तर जागेवर येऊनही बघते. तिथे सत्तेतले आणि विरोधातले खासदार शेजारी शेजारी बसतात, आणि कॅमेरा नसल्यामुळे पुष्कळदा शहाण्यासारखं बोलतात.

या वेळी मी पंधरा मिनिटांत लिहिलं नाही, पंधरा दिवस घेतले. तारखा, डायलिसिसची कार्डं, पोरांनी फोनवर काढलेले फोटो, वस्तीतल्या प्रत्येक घराची सही. पहिली सही अप्पांची. याचिकेच्या शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, आपले याचिकाकर्ते सदैव प्रार्थना करीत राहतील अशा अर्थाचं. ते मी मराठीत सांगितलं तेव्हा अप्पा खूश झाले. "ह्ये बरं हाय. देवळात बी त्येच करतोय. हितं फकस्त सही लागती."

साहेबांनी याचिका मांडली. मग पत्रं गेली, पत्रं आली. खात्यानं समितीलाही तेच उत्तर जोडून पाठवलं. वर्ष गेलं. अप्पा गुरुवारी विचारायचे, मी मान हलवायची, ते अर्धा कप संपवून उठायचे. आणि एके दिवशी दिल्लीहून फोन आला की समिती दौऱ्यावर येते आहे आणि त्यात मगदूम वस्ती आहे. मी टेबलावरचा चहा सांडला.

नेमका गुरुवार निघाला. अप्पांनी डायलिसिसची वेळ दुपारी करून घेतली. पाण्याची पाळी चालू होती, म्हणजे बोगदा भरलेला असणार. मला आणखी काय हवं होतं? समितीनं यावं, पाणी बघावं, विषय संपला. मी त्या दिवशी सकाळी लवकर वस्तीवर पोचले आणि बोगद्याच्या तोंडाशी जागच्या जागी उभी राहिले.

बोगदा कोरडा ठणठणीत होता. नुसता कोरडा नाही, झाडलेला. दोन्ही भिंतींना चुना मारलेला, खाली रांगोळी, वर आंब्याची तोरणं. दोन्ही बाजूंना दोन मोटारी घरघरत होत्या आणि पाणी पाइपातून लांब ओढ्यात पडत होतं. सरपंच फेटा बांधून तयार. मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"का? झ्याक न्हाई दिसत?" सरपंच म्हणाले. "पहाटेपास्नं राबतोय."

"अहो, पाणी दाखवायला बोलावलंय त्यांना."

सरपंचांना खरंच वाईट वाटलं. "ताई, दिल्लीचं पावणं. त्यांनी चिखलातनं यायचं व्हय? गावाची काय अब्रू हाय का न्हाई?"

आता या माणसाला काय म्हणावं? तीन वर्षं ज्या पाण्यानं वस्ती गांजली, ते पाणी पाहुण्यांना दिसू नये म्हणून त्यांनी झोपमोड करून उपसलं होतं. आमचा सातारा-सांगलीचा माणूस असाच. घरात कितीही भांडण असो, पाहुणा दारात आला की सगळे हसतमुख. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी त्यांच्याबद्दल मायाही वाटली. मोटारी बंद करा म्हणायला तोंड उघडलं, तोवर बँड वाजायला लागला.

गाड्या आल्या, बोगद्यातून सुळ्ळकन पलीकडे वस्तीत गेल्या. काचेच्या आतून सदस्यांनी तोरणं पाहिली. समितीचे अध्यक्ष उत्तरेकडचे वयस्कर गृहस्थ होते, धोतर, पांढऱ्या मिशा. उतरल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं आणि आमच्या साहेबांना म्हणाले, "यहाँ तो पानी नहीं है." खात्याच्या साहेबांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्यांनी प्लॅस्टिकमधला कागद काढून तयारच ठेवला होता. आमच्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत माझ्याकडे असं कुणी पाहिलं नव्हतं.

मी अप्पांकडे गेले. ते ओट्यावर खुर्चीत बसले होते. म्हटलं, "अप्पा, सगळं पाण्यात गेलं."

"पाणीच न्हाई तर पाण्यात कसं जाईल," अप्पा म्हणाले. "ताई, घाई करू नगा. आधी पावण्यांस्नी जेवू द्या."

अध्यक्षांना लवकर निघायचं होतं. त्यांचा पुढचा कार्यक्रम होता. पण अप्पांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "आमच्या दारातनं कुणी उपाशी न्हाई जात." मी त्याचं हिंदी केलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि बसले. आत काकूंनी पुरणपोळ्यांचा घाट घातला होता. पुरणपोळी, कटाची आमटी, दूध, तूप. ज्यानं आग्रहाची पुरणपोळी खाल्ली आहे त्याला माहीत आहे, त्यात घाई चालत नाही. एक सदस्य तिसरीला नको म्हणाले तर काकूंनी त्यांच्या पानात चौथी वाढली. एव्हाना बारा वाजून गेले होते, आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. थोड्या वेळानं लक्षात आलं. मोटारींचा आवाज थांबला होता.

शेतीपंपाची लाईट आमच्याकडे पाळीनं असते. त्या आठवड्यात पहाटे येऊन बाराला जायची. हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सरपंचांना फेट्याच्या गडबडीत आठवलं नाही. अप्पांना आठवत होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. ते अध्यक्षांना उसाच्या जाती समजावून सांगत होते आणि पोळीवर आणखी तूप घ्या म्हणत होते.

सुपारी वगैरे होऊन पाहुणे उठले तेव्हा अडीच वाजत आले होते. सगळे बोगद्याशी आले. रांगोळी दिसत नव्हती. पाणी मांडीपर्यंत चढलं होतं आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या फिरत होत्या. ड्रायव्हर पुढे जाऊन काठी बुडवून आला आणि गाडी घालायला नाही म्हणाला. खात्याच्या साहेबांनी घसा साफ केला आणि कागद पुढे केला, की याबाबत सभागृहात उत्तर दिलेलं आहे. अध्यक्ष म्हणाले, "उत्तर मैंने पढ़ा है. अब पानी देख रहा हूँ."

तेवढ्यात काकू अप्पांजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "तीनची पाळी हाय. उशीर हुतोय." दोन पुतण्यांनी नेहमीसारखी खुर्ची उचलली. कुणाला दाखवायला नाही, रोजचं काम म्हणून. उतारावरून वर, गवतातून, महामार्गाच्या कडेला. अध्यक्षांनी मला विचारलं, हे कुठं नेतायत? मी सांगितलं. डायलिसिस हा शब्द सगळ्या भाषांत एकच आहे. त्यांनी धोतराचा सोगा हातात घेतला आणि खुर्चीच्या मागून चढायला लागले. त्यांच्या मागून बाकीचे सदस्य, हा पक्ष आणि तो पक्ष, एकमेकांचे हात धरून.

वर ट्रक भरधाव चालले होते. पोलीस यायच्या आधीच त्या वयस्कर माणसानं रस्त्यात पाऊल टाकलं आणि हात वर केला. एक ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढून शिवी हासडली. देशाच्या संसदेच्या समितीचा अध्यक्ष आपल्या पुढ्यात उभा आहे हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! अप्पांची खुर्ची पलीकडे गेली. अप्पांनी एका हातानं टोपी घट्ट धरली होती.

पुढचं थोडक्यात सांगते. समितीचा अहवाल निघाला. तळ उचलून घ्या, कडेनं गटार काढून ओढ्याला जोडा, आणि काय केलं ते ठरावीक मुदतीत आम्हाला कळवा, असं स्वच्छ लिहिलं होतं. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते, हे मी अप्पांना प्रामाणिकपणे सांगितलं. पण ती नाकारायची तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि मांडीभर पाण्याला कारण सापडत नाही.

अहवालातला आमचा परिच्छेद मी गुरुवारी अप्पांना मराठी करून वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, की मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी असलेल्या एका याचिकाकर्त्याला समितीच्या समक्ष खुर्चीत उचलून महामार्ग ओलांडावा लागला. अप्पांनी परत वाचायला सांगितलं. मग विचारलं, "ह्ये कुठं ठेवत्यात?"

"संसदेच्या ग्रंथालयात. कायमचं."

"म्हंजे मी गेल्यावर बी मला तितं उचलूनच नेत्यात?"

हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता.

"ताई, असं नगं," अप्पा म्हणाले. "मी उभा जलम कुणाच्या खांद्यावर न्हाई बसलो. चालत गेला असं लिवा."

"अप्पा, छापलेलं बदलत नाही. आणि खोटं कसं लिहिणार?"

"खोटं कुठं म्हणतोय? पुढचं कागद येत्यात न्हवं?"

पुढचे कागद येतात हे खरं होतं. शिफारशींवर सरकारनं काय केलं याचा संसदेत आणखी एक अहवाल निघतो, आणि त्याआधी याचिकाकर्त्याला त्याचं म्हणणं विचारतात. काम व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर अप्पा फार खंगले होते. गुरुवारचा चहा बंद झाला होता, वडापातूनच हात करून पुढे जायचे. समितीचं पत्र आलं तेव्हा मी ते घेऊन वस्तीवर गेले. जुलै होता, दोन दिवस झड लागली होती. बोगद्याला गटार झालं होतं, तळ चढला होता, पाणी कडेनं वाहून जात होतं.

अप्पा दारात तयारच होते. पुतण्यानं रिक्षा आणली; काकू दारातच थांबल्या, तिथून बोगदा सरळ दिसतो. बोगद्याच्या तोंडाशी अप्पा म्हणाले, "थांबव." उतरले. पुतण्या हात धरायला पुढे झाला, त्याला डोळ्यानंच मागं सारलं. काठी टेकत निघाले. पाच पावलं झाली की थांबायचे, भिंतीला हात लावायचे, पुन्हा निघायचे. बोगदा तो केवढा, आपण दोन मिनिटांत पार होऊ. मी मागून चालत होते आणि मनात म्हणत होते, पुरे अप्पा, आता बसा. पण तोंडानं बोलले नाही. पलीकडे उजेडात पोचले, वळले, आणि धापा टाकत म्हणाले, "आता लिवा. खोटं न्हाई."

मी तिथंच, मागून आलेल्या रिक्षाच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं. काम समाधानकारक झालं आहे. याचिकाकर्ता भर पावसात बोगद्यातून स्वतः चालत पलीकडे गेला. अप्पांनी सही केली. या वेळी शब्द मी चार वेळा तपासले.

तो अहवाल छापून आला तेव्हा अप्पा नव्हते. श्रावणातच गेले, घरी, झोपेत. माझ्या निवृत्तीला महिना उरला होता. मी अहवालाची प्रत काढून वस्तीवर गेले आणि काकूंना ते वाक्य मराठीत वाचून दाखवलं. एकच वाक्य होतं, याचिकाकर्त्यानं आपण बोगद्यातून चालत गेल्याचं कळवलं आहे, एवढंच. काकूंनी कागद हातात घेतला. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून मी त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनीही माझ्या बोटाशेजारी बोट ठेवलं आणि म्हणाल्या,

"चाललं व्हतं खरं. मी दारातनं बघत व्हते, पार दिसंनासं हुईपत्तुर."